बेकनच्या पट्ट्यांचा मफलर

मी एक मफलर आहे. लोकरीचा, पाच फूट लांब, हाताने विणलेला. इथवर सगळं ठीक. पण माझे गडद लाल, गुलाबी आणि मळकट पांढरे वेडेवाकडे पट्टे पाहिलेत आणि तुम्ही अमेरिकेत राहिलेले असाल, तर लगेच हसाल. मी बेकनसारखा दिसतो. बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, पातळ पट्ट्या कापून कुरकुरीत तळलेलं. मी निव्वळ लोकर आहे हो! पण माझं ऐकतो कोण?

२००७ साली इंटरनेटवर बेकनचं खूळ माजलं होतं. बेकनच्या वासाच्या मेणबत्त्या काय, बेकनसारख्या दिसणाऱ्या जखमेवरच्या पट्ट्या काय! अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातली डेब्रा नावाची बाई हे फोटो रोज बघायची. तिने चार रविवार खपून मला विणलं आणि नेटवर विकायला ठेवलं. मला काय व्हायचंय, हे कुणी विचारलं नाही. साधा निळा झालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मला विकत घेतलं एका ऑफिसच्या डिसेंबरच्या पार्टीसाठी. तिथे प्रत्येकाने एखादी फाजील वस्तू गुंडाळून आणायची आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायच्या, अशी रीत होती. मी केदारच्या वाट्याला आलो. केदार नागपूरचा, जन्माचा शाकाहारी. सगळे पोट धरून हसले. तोही हसला आणि त्याने मला बॉथेल गावातल्या आपल्या घरी आणून कोटांच्या कपाटात कोंबलं.

जानेवारीत मला एका म्हाताऱ्या हाताने बाहेर काढलं. त्या केदारच्या आई, सुमित्राबाई. नातीसाठी, छोट्या राधिकासाठी, सहा महिने आल्या होत्या. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"केदार, हा कुणी विणलाय रे? एक टाका गळलेला नाही."

"अगं आई, ते असंच. ऑफिसमधलं गिफ्ट. टाइमपास."

"एवढं सुबक काम आणि टाइमपास? मी वापरते."

त्या आत गेल्यावर केदारची बायको उत्तरा कुजबुजली, "अरे, सांग ना त्यांना."

"जाऊ दे यार, खूश आहे ती. वीकेंडला सांगतो."

तो वीकेंड काही उजाडला नाही.

सुमित्राबाईंनी नागपुरात तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली होती. दिवसाला शंभर माणसं त्यांच्याशी बोलायची. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं, सगळं त्यांना ठाऊक. आणि बॉथेलमध्ये? केदार आणि उत्तरा सकाळी आठला ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत राधिकाचं रडणं आणि वॉशिंग मशीनची घरघर. "इथे माणसं आहेत ना रे?" असं त्यांनी एकदा केदारला विचारलं होतं.

मग त्या साडीवर कोट, पायात बूट आणि गळ्यात मला घालून, राधिकाची गाडी ढकलत नदीकाठच्या वाटेवर फिरायला लागल्या. पहिल्याच दिवशी एका सायकलवाल्याने अंगठा दाखवला. "नाइस स्कार्फ!" दोन मुली थांबून हसल्या, बोलल्या. त्या संध्याकाळी सुमित्राबाईंनी पोळ्या लाटता लाटता सगळं सांगितलं. "फार लाघवी लोक आहेत हो इथले. आपणच बाहेर पडत नाही." केदारने खाली मान घालून जेवण केलं. लोक का हसतात ते मला माहीत होतं.

त्या वाटेवर हॅरल्ड भेटला. सत्तरीचा, एकटा, सोबत एक लंगडा कुत्रा. त्यालाही आधी मीच दिसलो, हे कबूल करतो. पण मग दोघं रोज एका बाकावर बसायला लागले. तो सावकाश इंग्रजी बोलायचा, सुमित्राबाई पोस्टातल्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या आणि अडलं की खुशाल मराठीत सांगायच्या. मार्चमध्ये एकदा लख्ख ऊन पडलं. सुमित्राबाईंनी घरातून निघतानाच मला घडी करून गाडीखालच्या टोपलीत टाकलं, वर दुपट्यांची पिशवी ठेवली. मी आतून नुसतं ऐकत होतो. हॅरल्डने त्यांना त्यांच्या नवऱ्याचं नाव विचारलं. आयुष्यात त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "वामन." त्याने तीनदा म्हणून बघितलं, नीट जमेपर्यंत. दोघं तासभर बसली होती.

एप्रिलमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. चार बोटं दाखवून त्यांनी हॅरल्डला सांगितलं, चार दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत बिस्किटं, स्वतः भाजलेली. त्यात लालसर तुकडे होते. त्याने माझं टोक चिमटीत धरून डोळा मिचकावला आणि ते तुकडे कसले, ते मला कळलं. सुमित्राबाईंचे डोळे भरून आले. "थँक्यू, थँक्यू," म्हणत त्यांनी डबा छातीशी धरला, म्हणजे माझ्याशीच.

घरापर्यंत मी काय काय ठरवलं! घसरून चाकात अडकावं, डब्याला गुंडाळून बसावं. पण मफलर स्वतःहून घसरतसुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. गोडाचं काहीही देवाला दाखवल्याशिवाय त्या तोंडात घालत नाहीत. देव मायक्रोवेव्हच्या वरच्या कपाटात होते. त्यांनी चांदीच्या वाटीत दोन बिस्किटं ठेवली, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले.

साडेपाचला केदार आला. डब्यातलं कार्ड त्याने वाचलं. 'बेकनप्रेमी मैत्रिणीला, हॅरल्डकडून.' त्याचा चेहरा उतरला.

"आई, तू हे खाल्लंस?"

"नाही रे. तुम्ही आल्यावर सगळे मिळून खाऊ म्हटलं. देवाला नैवेद्य दाखवलाय."

"आई, त्यात मीट आहे. पोर्क."

सुमित्राबाईंनी आधी देवापुढची ती वाटी काढली. मग विचारलं, "पण ते मला असं का देतील? मी कधी काही म्हटलं?"

केदारने माझ्याकडे पाहिलं. "तो मफलर... त्याचं डिझाइन बेकनचं आहे. इथे क्रेझ आहे त्याची. सगळे हसतात."

"तुला माहीत होतं?"

"तू इतकी खूश होतीस आई, सांगायचं राहूनच गेलं."

"तीन महिने?" त्या खुर्चीवर बसल्या, मला पाठीशी घेऊन. "देवाचं मी बघेन, त्याला कळतं. पण मी रोज घरी येऊन सांगत होते, आज हा बोलला, ती बोलली. मला वाटायचं, माझ्याशी बोलतात."

मला बोलता येत असतं, तर त्या क्षणी ओरडलो असतो.

पुढचे दोन दिवस त्या फिरायला गेल्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कोमट पाण्यात धुतलं, टॉवेलवर आडवं पसरून वाळवलं. "विणणारीचा काय दोष," म्हणाल्या आणि घडी घालून कपाटात ठेवलं.

आता पुन्हा डिसेंबर आला आहे, २००८चा. मी कपाटातच आहे. रविवारी केदार नागपूरला फोन लावतो. त्या राधिकाचं विचारतात, हवेचं विचारतात. नदीकाठच्या वाटेचं कधी विचारत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी नागपूरला जाणार असाल, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. बाकीच्यांचं मी सांगत नाही, ते मलाच बघून हसले असतील. पण हॅरल्डने वामनरावांचं नाव विचारलं, त्या दिवशी ऊन होतं, सुमित्राबाई. मी टोपलीत होतो, पिशवीखाली. तुमच्या गळ्यात काहीही नव्हतं.