पूर्ण वर्गणी

अर्थखात्यात त्या बाईंना सगळे 'काकू'च म्हणायचे, अगदी सचिवसाहेबसुद्धा. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. परदेशी देण्यांचं टेबल त्यांच्याकडे. त्या वर्षी तिजोरीत नुसता खडखडाट होता. सचिवांनी काटछाटीची यादी केली आणि पहिल्याच ओळीत घातली आंतरराष्ट्रीय शांतिसेनेची वर्गणी.

"सही करून पुढे पाठवा, काकू. मोठमोठे देश थकवतात, आपल्या चिमूटभर वाट्याकडे कोण बघतंय?"

काकूंनी सही न करताच पेन खाली ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. "मला मंत्रिसाहेबांना भेटायचंय."

सचिवांनी कपाळाला हात लावला, पण भेट ठरवून दिली आणि स्वतःही सोबत गेले.

मंत्री तापट. "दोन मिनिटं," म्हणाले.

काकूंनी फाईल उघडलीच नाही.

"साहेब, आपल्याकडे लढाई पेटली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळा पुलापलीकडे, आणि पुलावर दोन्हीकडून गोळ्या. मग शांतिसेनेचे निळ्या टोप्यांचे सैनिक आले. रोज सकाळी आम्हा पोरांना मध्ये घेऊन पूल ओलांडून द्यायचे. चौदा महिने. एकालाही ओरखडा आला नाही."

"बरोबर आहे, पण..."

"त्यांचा देश आपल्याहून गरीब. या टेबलावर आल्यावर मी जुने कागद उकरून काढले. देशोदेशींच्या वर्गण्या थकल्या, म्हणून त्या पलटणीचा खर्च त्यांच्या सरकारला सहा वर्षांनी मिळाला. ज्याला त्याला वाटलं, माझ्यावाचून काय अडतंय! त्यांनी मात्र आपली माणसं परत बोलावली नाहीत."

मंत्री म्हणाले, "म्हणजे त्यांनी तुम्हाला शाळेत पोचवलं, आणि आज तुम्ही माझी शाळा घेताय! पण पैसे कुठून आणू?"

"नव्या गाड्यांची खरेदी वर्षभर पुढे ढकला. त्यात तुमचीही आहे."

सचिवांना ठसका लागला.

"माझी गाडी चढावर तापते हो, काकू."

"हळू चालवायला सांगा."

मंत्री खो खो हसले. सही करताना 'वर्गणी'च्या आधी स्वतःच्या हातानं एक शब्द वाढवला: 'पूर्ण'.

दोन महिन्यांनी जागतिक सभेत, वेळेवर पूर्ण वाटा भरणाऱ्या देशांची नावं वाचली गेली. कार्यालयातल्या टीव्हीसमोर शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे जमले होते. आपल्या देशाचं नाव आलं तेव्हा टाळ्यांनी खोली दणाणली. काकूंना पुढची नावं ऐकूच आली नाहीत. डोळे पुसून त्या जोरजोरात टाळ्या वाजवत राहिल्या, इतरांच्या थांबल्या तरी.

संध्याकाळी बस अर्धी रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "बसा ना, मावशी."

"नको रे, आज उभीच जाईन," काकू म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत दांडा धरून ताठ उभ्या राहिल्या.