तारुण्याची पुडी

सभागृहाच्या दारात रेटारेटी चालली होती आणि रेटणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. एरवी दोन जिने चढले की कठडा धरून धापा टाकणारी ही मंडळी आज एकमेकांना कोपराने ढकलत पुढच्या खुर्च्या पकडत होती. व्यासपीठावर सत्तरीचा एक म्हातारा उभा होता आणि त्याच्या कडेवर तान्हे बाळ.

"हे कोणाचं?" तारुण्याची पुडी देणाऱ्या महाराजांनी त्याच्या शेजारून माईकवर विचारले.

"माझं!"

"नातू नव्हे ना?"

"मुलगा, महाराज! तुमच्या पुडीचा प्रसाद!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाळ दचकून रडू लागले. पडद्यामागून एक तरुण बाई धावत आली आणि त्याला घेऊन गेली.

"पुरुष म्हातारा होतो हे तुम्हाला सांगितलं कोणी?" महाराज गरजले. "म्हातारी होते ती बाई! पुरुष म्हणजे झरा! झऱ्यावर पालापाचोळा साचतो, तो माझी पुडी काढते. सकाळी एक, रात्री एक, आणि मनात शंका नको. शंका आली की गुण गेला!"

"झरे उन्हाळ्यात आटतात रे," मी शेजारी बसलेल्या भावाला म्हणाले.

"ताई, तू जरा गप्प बस ना."

हा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणून घरात तो कायमचा धाकटाच. तेव्हा त्याचे वय त्रेपन्न. काचा आणि आरसे कापून चौकटीत बसवून देण्याचे त्याचे दुकान. आमचे वडील अंथरुणाला खिळले, त्यांचे सगळे यानेच केले, आणि त्यात लग्नाला अठ्ठेचाळिसावे वर्ष उजाडले. भावजय तेव्हा चौतीस वर्षांची. गोड मुलगी. साठी उलटल्यावर मला अक्षरे तिनेच शिकवली, दुपारी दुकानातल्या टेबलावर, काचांचे तुकडे बाजूला सारून.

तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळे संपले. नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडेच बघून सुस्कारे सोडले. डॉक्टरबाईंनी मात्र दोघांची तपासणी केली. भावजयीचे सगळे ठीक होते. धाकट्याचे बीज कमी होते, मंद होते, पण होते. "वयाचा भाग आहे. उपचार करू. खात्री देत नाही, पण आशा आहे," असे त्या म्हणाल्या.

धाकट्याला यातला 'वय' एवढा एकच शब्द ऐकू आला. पुढच्या आठवड्यात तो मला घेऊन महाराजांच्या त्या सभेत जाऊन बसला.

पुडीने काम केले, हे मी नाकबूल करणार नाही. तीन-चार महिन्यांत त्याचे दंड भरले. जी काच उचलायला दोन माणसे लागत, ती तो एकटा उचलू लागला. दाढी राठ झाली, तोंडावर कॉलेजच्या पोरासारख्या पुटकुळ्या आल्या. दुकानभर आरसे, त्यामुळे जिकडे वळेल तिकडे त्याला एक जवान माणूस दिसे. गिऱ्हाइके म्हणत, "काय शेठ, कायापालट झाला की!" आणि हा मिशीवरून हात फिरवी. रागही तसाच चढला. चहा निवला तरी कप आपटायचा.

"वन्सं, हल्ली यांना हाक मारायची भीती वाटते," भावजय एकदा मला हळूच म्हणाली.

आठ महिने झाले तरी तिला दिवस राहिले नाहीत. एके दिवशी जेवताना धाकटा ताटाकडे बघतच म्हणाला, "महाराज म्हणतात, झरा आता मोकळा झालाय. तरी घागर रिकामी राहते, म्हणजे घागरच फुटकी असणार."

"मग?" मी विचारले.

"मग... दुसरी बघ म्हणाले."

मी तोंड उघडणार तेवढ्यात भावजयीने माझ्या हातावर हात ठेवला.

"झरा मोकळा झालाय ना? मग एकदा मोजून या," ती म्हणाली. "पुन्हा तपासणी करा. तुमचं सगळं चांगलं निघालं तर मी स्वतःच्या पायांनी या घरातून जाईन. तुम्हाला सांगावंही लागणार नाही."

धाकटा ऐटीत तपासणीला गेला. निकाल ऐकायला आम्ही तिघे गेलो.

"एकही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काय एकही नाही?"

"बीज. मागच्या वेळी कमी होतं. आता एकही नाही. तुम्ही काय घेताय?"

त्याने खिशातून पुडी काढली. बाईंनी ती तपासायला पाठवली. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा कळले: राख आणि साखर, आणि त्यात कुटलेल्या गोळ्या, पुरुषी हार्मोनच्या.

"हे हार्मोन बाहेरून मिळायला लागलं की मेंदूला वाटतं, शरीरात भरपूर आहे," बाईंनी समजावून सांगितले. "तो आतला कारखाना बंद करायला सांगतो. दंड भरतात, दाढी राठ होते, आणि बीज तयार व्हायचं थांबतं."

"म्हणजे मी जसजसा जवान दिसत होतो..."

"तसतसे आतून रिकामे होत होता."

मग त्याने विचारले, "पण पुरुषाला वय नसतं म्हणतात, ते?"

"बीज म्हातारपणीही तयार होतं, सत्तरीत बाप झालेलेही असतात. पण चाळिशीनंतर हळूहळू तेही थकतं. त्याची चाल मंदावते, त्याच्या आत जी मूल घडवण्याची माहिती असते तिच्यात चुका वाढतात. दिवस राहायला वेळ लागतो. राहिले तरी गर्भ पडण्याचा धोका थोडा वाढतो."

"ती दोन... ती माझ्यामुळे गेली?"

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही. फक्त बायकोकडे बोट दाखवणं चूक होतं, एवढं सांगता येतं."

पुडी बंद केल्यावर बीज कोणाचे सहा महिन्यांत परत येते, कोणाला दोन वर्षे लागतात, आणि या वयात कधी येतही नाही, असे बाई म्हणाल्या. भावजय तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या सभेत महाराज त्या बाळवाल्या म्हाताऱ्याबरोबर धाकट्यालाही नमुना म्हणून उभा करणार होते. मला वाटले, तो तोंड लपवून घरी बसेल. तो गेला. डॉक्टरबाईही आल्या.

"बघा हे दंड!" महाराजांनी त्याची बाही वर सरकवली. "वय त्रेपन्न! सांग बेटा, काय वाटतं?"

धाकट्याने माईक हातात घेतला. "दंड भरले, खरं आहे. आणि तपासणीत एकही बीज उरलं नाही, हेही खरं आहे. या पुडीत हार्मोनच्या गोळ्या कुटून घातल्यात."

"शंका! याला शंका आली! बायकोचा दोष झाकतोय हा!"

"माझ्या बायकोत काही दोष नाही," धाकटा म्हणाला. "कमी माझ्यात होतं. जे थोडं होतं, ते तुम्ही संपवलंत."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. डॉक्टरबाईंनी उभे राहून गोळ्यांचे सगळे सांगितले. "मग या म्हाताऱ्याला बाळ कसं झालं?" कोणीतरी ओरडले. तेवढ्यात पडद्यामागची ती तरुण बाई बाळाला घेऊन बाहेर आली आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, पुरे झालं आता. माझ्या लेकराला ताप आलाय. मला घरी जाऊ द्या."

लोकांना बाप आणि आजोबा यांतला फरक कळेपर्यंत महाराज बाजूच्या दाराने पसार झाले होते. पुढे पोलिसांनी त्यांना पकडले. पण त्या दिवशी जिना उतरताना एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, दंड भरतात म्हणाला ना तो? त्या गोळीचं नाव काय हो?"

याला दीड वर्ष होऊन गेले. धाकट्याचे बीज थोडे परत आले, फार थोडे. उपचार झाले, वाट पाहून झाली. गेल्या महिन्यात दोघांनी मिळून ठरवले की आता थांबायचे. धाकट्याचे दंड उतरले आहेत, दाढी पांढरी होते आहे. तो भावजयीसमोर रडला, तेव्हा ती म्हणाली, "आधीच उपचार केले असते तर मूल झालंच असतं, असं नाही. तेवढं मला कळतं. पण ते आठ महिने आपले होते हो."

पुरुषाचेही वय होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लग्नाला उशीर झाला असेल आणि मूल होत नसेल, तर दोघांनीही डॉक्टरकडे जा, दोघांचीही तपासणी करून घ्या, आणि ते जे सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. कोणी काही खायला दिले तर त्यात काय आहे ते आधी विचारा. माझ्या भावजयीचे गेलेले महिने तिला कोणी परत देऊ शकत नाही. तुमचे अजून तुमच्या हातात असतील.