पाटीवरचा मालक

हसण्याचा आवाज बैठकीच्या खोलीतून आला आणि कलावतीबाईंच्या हातातले तिळाचे ताट जागच्या जागी थांबले.

संक्रांत तोंडावर आली होती. उस्मानपुऱ्यातल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात तीळ निवडायला चौघी जमल्या होत्या. खुर्चीवर कलावतीबाई, ज्यांना घरातच नव्हे तर गल्लीतही सगळे थोरल्या बाई म्हणत. खाली सूप घेऊन बसलेली त्यांची धाकटी जाऊ संध्या. ओट्याला टेकून उभी असलेली नात सायली. आणि भिंतीपलीकडची शेजारीण वहिदा, जी मीठ मागायला आली होती आणि अर्ध्या तासापासून मीठ विसरली होती. संध्याने नुकतीच एक कविता म्हटली होती. संध्याचा नवरा फुलंब्रीच्या शेतावर राही. त्याने तिकडून आणून दिलेल्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा तिने मागच्या परसात पाळले होते. त्यांच्यावर तिला अधूनमधून चार ओळी सुचत.

काळी टोचती तांबडीला, तांबडी टोचती पिवळीला,
पिवळी टोचती लंगडीला, लंगडी आपल्या सावलीला.
कोंबडा म्हणला, मालक मीच, दारावं माझी पाटी;
काळीनं नुसतं वळून बघितलं, मालक पत्र्यापाठी.

वहिदा भिंतीला धरून हसली. सायली हसली. काळी कोण हे दोघींना कळले होते आणि ते कलावतीबाईंनाही कळले होते. पण त्याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. मोठेपण असलेल्या माणसाविषयी मागे बोलले जातेच. त्यांना वाटले ते पुढच्या आवाजाचे. बैठकीत आप्पासाहेबांवाचून दुसरे कोणी नव्हते, आणि तो हसण्याचा आवाज तोंडभरून, मोकळा, शेवटी खोकला लागेपर्यंत चाललेला होता.

अर्धे शतक कलावतीबाई या माणसाच्या घरात होत्या. त्यांनी त्याला संतापलेला पाहिला होता, तापाने फणफणलेला पाहिला होता, आई गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडतानाही पाहिला होता. हे हसणे मात्र त्यांच्या ओळखीचे नव्हते.

"आप्पांनी ऐकलं वाटतं," संध्या पुटपुटली आणि तिने पदर डोक्यावर ओढला. थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेने बोलू नये, त्याच्या कानावर आवाजही पडू देऊ नये, अशी या घराची रीत होती. आसपासच्या घरांतून ती केव्हाच गेली होती. या घरात ती कलावतीबाईंनी राखली होती.

"हळू म्हणत जा," कलावतीबाई म्हणाल्या. "परसातल्या गोष्टी बैठकीत जाऊ नयेत."

त्या दिवशी दुपारचा चहा त्या स्वतः घेऊन गेल्या. आप्पासाहेब वर्तमानपत्र धरून बसले होते. ते बायकोला अहो-जाहो करीत; त्यांच्या भावाबंदांत त्याची थट्टा होई, पण त्यांनी ते कधी सोडले नाही.

"सकाळी कशाला हसलात?"

"कोण, मी?"

"खोलीत दुसरं कोण होतं?"

"असंच. पेपरात काहीतरी आलं होतं."

कलावतीबाईंनी पाहिले. आप्पासाहेबांनी बोट ठेवलेले पान निधनवार्तांचे होते.

त्या कप ठेवून परतल्या. पण त्यांच्या मनात जे पेटले होते ते तसेच धुमसत राहिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरातल्या थोरलीने पहिले नाव घ्यायचे आणि मग इतर बायकांनी, हा मान गेली कित्येक वर्षे त्यांचा होता. त्यांचे उखाणे लांबलचक, शुद्ध आणि घोटीव असत. पार छावणी भागातल्या बायका ते उतरवून न्यायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी आप्पासाहेबांचे नाव सोन्याचांदीच्या ताटात ठेवले, चंद्रसूर्याच्या शेजारी बसवले. पडद्याआडून कधी हूं की चूं झाले नव्हते. आणि चार कोंबड्यांनी त्या माणसाला खोकला येईपर्यंत हसवले.

विचार करून करून त्या एका निष्कर्षावर आल्या. हसू संध्याचे नव्हते, कोंबडीचे होते. विषयच तसा आहे. तो हाती आला तर कोणीही हसवील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात खुर्ची मांडायला सांगितले. सायलीला वाटले, मोठ्या आजीला ऊन हवे असेल. परसातल्या खुराड्याकडे कलावतीबाई आजवर फिरकल्या नव्हत्या. त्यांच्या चुलीवर अंडे कधी चढलेच नव्हते. आता त्या पाठ ताठ करून बसल्या आणि शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या कोंबड्यांकडे पाहू लागल्या.

संध्याने ज्वारी टाकली. चारही कोंबड्या धावल्या आणि मध्येच थबकल्या. काळी आपल्या चालीने आली. तिने कोणालाही टोचले नाही. तिला टोचावे लागतच नव्हते. टोचाटोचीचे काम खालच्या तिघी आपसात उरकीत. कोंबड्याला एक किडा सापडला. तो त्याने खाल्ला नाही. मान खाली-वर करीत, काळी येईस्तोवर तो बाजूला उभा राहिला.

"ह्याला वळण म्हणतात," कलावतीबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांना हसू आले नाही. त्यांना ते सारे फार योग्य वाटले.

भिंतीवरून वहिदाचे डोके वर आले. ती कलावतीबाईंना बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. "क्या बाजी, मुर्ग्यांची शाळा घेताय काय?"

"शिकण्यासारखं आहे त्यांच्याकडून."

"हौ. पन त्या लंगडीला विचारा ना, तिला काय शिकायला मिळालं."

संध्या फसकन हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. कलावतीबाईंनी नुसते वळून पाहिले. संध्या ज्वारीचा डबा घेऊन आत गेली. भिंतीवरचे डोकेही खाली गेले. आपण कवितेतल्या काळीसारखेच नुसते वळून पाहिले, हे कलावतीबाईंच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला, आणि मग त्यांचा राग आणखी वाढला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केले, "यंदा हळदीकुंकवाला कोंबड्यांवर म्हणायचं. सगळ्यांनी. सायली, बायकांना कळव."

"कोंबड्यांवर उखाणे, मोठी आजी?"

"का, त्यांना अक्कल नसते काय? आणि तुम्ही," त्या आप्पासाहेबांकडे वळल्या, "त्या दिवशी बागेतल्या म्हाताऱ्यांत जाऊन बसू नका. घरात थांबा."

"बरं," आप्पासाहेब म्हणाले.

हळदीकुंकवाच्या दिवशी बैठकीत जाजमे अंथरली. पुरुषमाणसाने अशा वेळी आतल्या खोलीत थांबायचे आणि दार लोटून घ्यायचे, असा शिरस्ता होता. कलावतीबाईंनी दार सताड उघडे ठेवले आणि फक्त पडदा ओढला. पडद्याखालून आप्पासाहेबांच्या चपला दिसत होत्या. कलावतीबाईंनी तेवढे पाहून घेतले.

बायका जमल्या. हळदीकुंकू झाले, वाण दिले गेले, हातात तिळगुळाच्या पुड्या आल्या. वहिदा अत्तर लावून कोपऱ्यात बसली होती. मग बैठकीत शांतता झाली, कारण थोरल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्याच्या बाजूला थोडे वळून, स्वच्छ, ठाम आवाजात म्हटले:

कुक्कुटांच्या कुळामाजी क्रम असे ठरलेला,
ज्येष्ठेने वेचावा दाणा, कनिष्ठेने उरलेला.
पक्षीसुद्धा शिस्त पाळी, माणसांनी शिकावे;
आप्पासाहेबांच्या राज्यात मर्यादेने टिकावे.

टाळ्या पडल्या, भरपूर आणि एकदम. एकही बाई मागे राहिली नाही. "किती शुद्ध," कोणी म्हणाले. "कुक्कुट म्हणजे कोंबडीच ना," कोणी हळूच विचारले. कलावतीबाईंचे कान पडद्याकडे होते. टाळ्या थांबल्या. आत काही नव्हते. चपला होत्या तिथेच होत्या.

"हसा की गं," त्या म्हणाल्या. "विनोदी आहे ते."

बायका हसल्या. ते हसणे संपताच वहिदा कोपऱ्यातून म्हणाली, "बाजी, हुकमावर आम्ही उठतो, बसतो, तिळगूळ बी खातो. हसायचं तेवढं जमंना बघा." आणि या बोलण्यावर मात्र सगळ्या खरोखर हसल्या.

मग एकीने संध्याचा हात ओढला. "आता तुम्ही म्हणा. त्या काळीचं म्हणा." दुसरी म्हणाली, "नवीन असेल तर नवीन म्हणा." सगळी तोंडे संध्याकडे वळली, आणि कलावतीबाईंना त्या तोंडांवर जे दिसले ते आपल्याकडे पाहताना त्यांवर कधीच आले नव्हते. या बायका वाट पाहत होत्या. आल्यापासून वाटच पाहत होत्या.

संध्याने थोरल्या जावेकडे पाहिले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझं काही जमलं नाही यंदा," ती म्हणाली. "अन् बाईंनी म्हटल्यावर मागं काय राहतंय."

कलावतीबाईंचा पहिला मान असा शाबूत राहिला. तो धाकटीने आपल्या हाताने उचलून त्यांच्या ताटात वाढला होता, आणि तो घास त्यांच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी जाजमे उचलली गेली. आप्पासाहेब बैठकीत परत आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. कलावतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत?"

"ऐकलं की. छान होतं. मात्रा बरोबर होत्या."

"मात्रांचं विचारत नाही मी. हसला नाहीत."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "त्यात हसायचं होतं का?"

"होतं."

"मला कळलं नाही हो." त्यांना मनापासून वाईट वाटलेले दिसत होते. "आधी सांगून ठेवलं असतंत, तर हसलो असतो."

कलावतीबाई दिवाणाच्या कडेला बसल्या. त्यांच्याकडून असे बसणे सहसा होत नसे.

"आजवर एकदाही हसला नाहीत माझ्या बोलण्याला."

"हसलो होतो," आप्पासाहेब म्हणाले. "लग्नाच्या वर्षी, पहिल्याच हळदीकुंकवाला. तुम्ही नाव घेत होता. मधली ओळ विसरलात, नि माझं नाव आधीच येऊन गेलं. मग ते परत आलं. मी पडद्यामागं हसलो. मला फार गोड वाटलं होतं ते." त्यांनी चष्म्याची काच धोतराच्या सोग्याने पुसली. "तुम्ही आठ दिवस ताट वाढलंत, पण बोलला नाहीत. मग मी ठरवलं, घरात नको. हसायचं झालं की परसात जाऊन येतो."

"परसात."

"कोंबड्या असतात तिथं, नि कधी दाणे टाकताना संध्या. कुणाला वाटत नाही काही."

कलावतीबाईंना तो दिवस आठवत होता. पडद्यामागचा आवाजही आठवत होता. तो चेष्टेचा आहे असे त्यांनी नव्या नवरीच्या तापट मनाने ठरवले होते, आणि ते पुन्हा उघडून पाहण्याचे कारण त्यांना कधी पडले नव्हते.

"आणि परवा?" त्यांनी विचारले. "संध्याचं ऐकून?"

"परवा ते अचानक आलं. परसापर्यंत जायला वेळच मिळाला नाही."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. संध्या सायलीला काहीतरी हळू आवाजात सांगत होती आणि सायली हसू दाबत होती. आप्पासाहेबांची मान किंचित तिकडे वळलेली त्यांनी पाहिली. काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते, तरी ती मान वळली होती.

कलावतीबाई उठल्या. "संध्या," त्यांनी हाक मारली. "इकडे ये."

संध्या ओले हात पुसत उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. तिने पदर पुढे ओढला.

"आत ये. बस."

"बाई, आप्पा आहेत."

"दिसतायत मला. बस त्या दिवाणावर."

संध्या दिवाणाच्या अगदी टोकाला टेकली. ती या खोलीत थोरल्या दिरासमोर कधीच बसली नव्हती. तिने जमिनीकडे पाहिले. आप्पासाहेबांनी छताकडे पाहिले.

"दुपारी गिळलंस ते म्हण."

"काही नव्हतं, बाई."

"खोटं बोलू नको. तुझा चेहरा मला वाचता येतो."

"तुम्हाला लागंल ते."

"मला काय लागायचं ते माझं मी बघीन. म्हण."

एवढे बोलून कलावतीबाईंनी आपली खुर्ची ओढली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. त्या बसल्या तेव्हा त्यांची पाठ खोलीकडे होती. या घरात त्यांनी कोणाकडे पाठ करून बसल्याचे कोणी पाहिले नव्हते. मागून संध्याचा आवाज आला, आधी चाचपडत, पुढे आपल्या लयीत.

काळी बसली खुडूक होऊन, कुणी फिरकंना तिकडं,
कोंबडा लांबून विचारतो, "बाई, येऊ का इकडं?"
काळी म्हणली, "पाय पुसा, पंख झाडा, तुरा सावरा, आरवा हळू;
अन् हसू आलंच तर आधी परसात लागा पळू."

नाकातून निसटलेला एक आवाज आला, तो दाबला गेला, पुन्हा निसटला. कलावतीबाई हलल्या नाहीत. त्यांनी मान वळवली नाही. तेव्हा मागे आप्पासाहेब हसू लागले. आधी भीत भीत, मग तोंडभरून, खुर्ची करकरेपर्यंत. त्यांना खोकला लागला तरी ते थांबले नाहीत.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. कोपऱ्यावरचा भाजीवाला उरलेल्या मेथीवर पाणी शिंपडत होता. कलावतीबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. काचेत त्यांना आपला चेहरा अंधुक दिसत होता, आणि मागे, त्याहून अंधुक, डोळे पुसणारा एक म्हातारा माणूस.

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"तिसरी ओळ लांबली आहे," त्या काचेकडे पाहतच म्हणाल्या. "असू दे. पुढचं म्हण."