तीन शिट्ट्यांचा तास

मी कुकर बोलतोय. पाच लिटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, आणि कुणी मानो वा न मानो, गेली दोन वर्षं एका शाळेचा मुख्याध्यापक. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी पहिल्या ओळीपासून हुंदके द्यायचे असतात, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, जुनी चप्पल रडते. मला ते जमणार नाही. माझ्या आत जे साठतं ते मी शिट्टी मारून बाहेर टाकतो, त्यामुळे मनात ठेवून कुढायची सवय नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या चकतीला यंत्राने एक दणका दिला आणि मी झालो. मग आत पाणी भरलं, दाब दिला आणि मी फुटतो का ते पाहिलं. फुटलो नाही, म्हणून पास. आयुष्यात मी दिलेली ही एकमेव परीक्षा. पुढे आई-बाबांच्या लग्नात भेट म्हणून तीन कुकर आले. त्यातले दोघं परस्पर पुढच्या दोन लग्नांत रवाना झाले. माझ्या खोक्याचं झाकण फाटलं होतं, म्हणून मी घरात राहिलो.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आई घरीच लोकांचे पडदे शिवते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शहरभरच्या लिफ्ट त्यांच्या भरवशावर वर-खाली होतात, पण स्वयंपाकघरातला नळ मात्र दोन वर्षं 'या रविवारी बघतो' या आश्वासनावर टपकतोय. मुलं दोन. थोरली भिंगरी नऊ वर्षांची, धाकटा ठोंब्या सात वर्षांचा. टोपणनावं ठेवताना अदलाबदल झाली असावी. भिंगरी एकदा बसली की बसली, आणि ठोंब्या दिवसभरात कुठे टेकलेला मी पाहिलेला नाही.

भिंगरी दुसरीपर्यंत रीतसर शाळेत जायची. तिला उत्तर यायचं, पण उत्तराआधी घंटा यायची. घंटा झाली की वह्या बंद. तिच्या वहीत पानोपानी लाल शाईत 'अपूर्ण' असायचं. त्या शिक्षिकेला मी नावं ठेवणार नाही. एका वर्गात अडतीस मुलं म्हणजे काय असतं, ते मी कल्पनेनं जाणतो. मी एका वेळी आठ बटाटे घेतो, आणि त्यातलाही एक कच्चा राहतोच.

मग घर बदललं. नव्या भागातल्या शाळेत वर्ष संपेपर्यंत जागा नव्हती. "दोन महिने घरीच शिकवते," आई म्हणाली. ते दोन महिने अजून चालू आहेत.

पहिल्या आठवड्यात घरात घड्याळ होतं. भिंतीवर टांगलेलं, काट्यांचं. विज्ञानाच्या तासाला सगळ्यांनी मिळून ते उघडलं. त्यातून सतरा भाग निघाले. परत बसवताना चौदाच बसले. उरलेले तीन ठोंब्याने बरणीत ठेवले आहेत आणि तो त्यांना 'जादाचा वेळ' म्हणतो.

घड्याळ गेल्यावर तास संपला हे कळणार कसं? त्या दिवशी बटाटे उकडायला लावले होते. मी तिसरी शिट्टी मारली आणि आई सहज म्हणाली, "चला, भाषा संपली." झालं. त्या क्षणी माझी नेमणूक झाली. वेळापत्रकच माझ्यावर आलं. भाषा तीन शिट्ट्या, गणित तीन शिट्ट्या, चित्रकला वाटाणे शिजेपर्यंत. ज्या दिवशी उकडायला काहीच नसायचं, त्या दिवशी नुसतं पाणी घालून मला गॅसवर चढवायचे. मुख्याध्यापकाला रिकाम्या पोटी ओरडायला लावणारी ही बहुधा जगातली एकमेव शाळा असेल. मी शेफारलो होतो, हे कबूल करतो. मी शिट्टी मारली की तिघांनी माना वर करायच्या. एवढा मान तर त्या दोन कुकरांना अख्ख्या जन्मात मिळाला नसेल.

ठोंब्याला पहिल्या महिन्यातच मर्म कळलं. शुद्धलेखन सुरू झालं की त्याला कडाडून भूक लागायची. "आई, गॅस मोठा कर ना, पोटात कावळे ओरडतायत." आई बिचारी गॅस मोठा करायची आणि शुद्धलेखन चार ओळींत आटपायचं. आईला हे कळायला सहा आठवडे लागले. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी मूग गिळून गप्प बसलो. शुद्धलेखन मलाही आवडत नाही.

एकदा माझ्या शिट्टीत वाटाण्याचं साल अडकलं. ती चूक माझी नव्हती, गळ्यापर्यंत भरल्यावर काय होणार? सुदैवाने मुलं दुसऱ्या खोलीत होती. झडप उडाली आणि अर्धा किलो वाटाणे छताला जाऊन चिकटले. आई कपाळाला हात लावून खाली बसली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पाच मिनिटांनी ती उठली, शिडी आणली, खडूने छतावर चौकोन आखले आणि म्हणाली, "एका चौकोनात किती वाटाणे, मोजा. मग सगळ्या छतावर किती असतील ते सांगा." बाबा संध्याकाळी फडकं घेऊन शिडीवर चढले तर भिंगरीने त्यांना खाली उतरवलं. तिचे अजून दोन चौकोन बाकी होते. बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि जेवायला बसले. तो गुणाकार तीन दिवस छतावर राहिला.

भिंगरीला माझ्यात वेगळाच रस होता. माझ्या शिट्ट्या सारख्या अंतराने होत नाहीत, हे तिने ताडलं. मोजायला घड्याळ नव्हतं, पण टपकता नळ होता. ती नळाखाली मापाचा कप ठेवायची. तास सुरू झाला की कप रिकामा, तिसरी शिट्टी झाली की कपात पाणी कुठल्या रेघेपर्यंत आलं ते वहीत लिहायचं. बाजूला वार, विषय आणि आत काय शिजतंय ते. कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना एका रविवारी अचानक नळाची आठवण झाली, तेव्हा ती पान्यासमोर आडवी उभी राहिली. "नळ बिघडवू नका," ती म्हणाली. एवढं मनापासून दिलेलं कारण बाबांना आयुष्यात मिळालं नव्हतं. ते आनंदाने परत फिरले.

असं सगळं सुखात चाललं असताना पत्र आलं. घरी शिकणाऱ्या मुलांची पाहणी करायला शिक्षण कार्यालयातून बाई येणार होत्या. पाहणी समाधानकारक नसेल तर पुढच्या महिन्यापासून दोघांनी शाळेत हजर व्हायचं. भिंगरीने ते पत्र दोनदा वाचलं. हळू वाचते, पण काही सोडत नाही.

"त्या शाळेत पण घंटा असते ना?" तिने विचारलं.

"असते," आई म्हणाली.

पाहणीच्या आदल्या दिवशी आईची भंबेरी उडाली. पडदे धुतले, वह्यांना कव्हरं घातली, आणि खाली किल्ल्या बनवणाऱ्या काकांच्या दुकानातलं घड्याळ मागून आणून भिंतीवर टांगलं. घड्याळ असलं की घर शिस्तीचं दिसतं, असा तिचा हिशेब. माझा अपमान झाला. पण मला कोण विचारतो?

बाई आल्या. हातात पिशवी, मनगटावर घड्याळ, सोबत छापील तक्ता. दिवसभरात अजून तीन घरं करायची आहेत, हे त्यांनी चपला काढता काढता सांगितलं. मी तेव्हा बटाटे घेऊन गॅसवर होतो, त्यामुळे सगळं समोरून पाहिलं. भाषा झाली, वाचन झालं. आईचा जीव भांड्यात पडला, आणि सगळ्यात जवळचं भांडं मीच होतो. मग बाईंनी भिंतीकडे बोट केलं.

"किती वाजले बघ बरं."

भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे आमचं नाही," ती म्हणाली. "किल्लीवाल्या काकांचं आहे. तुम्ही गेलात की परत द्यायचंय."

"बरं. पण वाजले किती?"

भिंगरीने एकदा काट्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे. आईचा चेहरा पांढरा पडला. आईच्या फोनवरचे आकडे पोरीला वाचता यायचे, पण काट्यांचं घड्याळ सातव्या वर्षी डोळ्यांसमोरून गेलं ते गेलंच. दोन वर्षांत हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. छतावरचे वाटाणे मोजले, पण घड्याळ राहिलं. बाईंनी तक्त्यावर फुली मारली.

"मग तास संपला हे कसं कळतं तुम्हाला?"

"कुकर आहे ना," ठोंब्या म्हणाला, आणि मला भरून आलं.

आईने थांबवायच्या आत भिंगरीने वही आणून बाईंपुढे ठेवली. बाईंनी नाइलाजाने उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हे काय गं? मंगळवारी बटाटे, बुधवारी बटाटे. पाणी तेवढंच. भाषेला तिसऱ्या शिट्टीला कपात दोन रेघा, आणि गणिताला साडेतीन? गणित म्हटलं की कुकर मंदावतो का?"

"कुकर नाही मंदावत," भिंगरी म्हणाली. "मला गणिताला वेळ लागतो. मी अडकले की आई गॅस बारीक करते, म्हणजे शिट्टी लवकर होत नाही."

आईच्या हातात चहाचा रिकामा कप होता, तो तिने ओट्यावर ठेवला. खरं सांगायचं तर धक्का मलाही बसला. आई गॅस वाचवतेय, अशी माझी दोन वर्षं समजूत होती. मी स्वतःला मुख्याध्यापक समजत होतो आणि बटण फिरवणारी भलतीच होती. लाज वाटली, पण तिचा राग आला नाही.

तक्त्यात 'वेळापत्रक काटेकोर पाळले जाते का' असा रकाना होता. बाईंनी तिथे 'नाही' लिहिलं. मग पिशवीतून एक कागद काढला. पाच भागाकार, पंधरा मिनिटं. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

भिंगरी बसली. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ती अडकली. आईचा हात गॅसच्या बटणाकडे गेला, अगदी आपसूक. पण ते घड्याळ काही गॅसवर चालत नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि पदराशी चाळा करत उभी राहिली. मी पुढची शिट्टी दाबून धरायचा प्रयत्न केला. ते माझ्या हातात नसतं, पण केला.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या. तीन झाले होते. बाईंनी भराभर तीन बरोबरच्या खुणा केल्या आणि कागद बाजूला सरकवला. भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. शाळेत ती अशीच बसत असणार.

बाई उठणार, तेवढ्यात आईने चहा पुढे केला. चहा उकळता होता. बाईंनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"माझं काम झालं," त्या म्हणाल्या. "तुझं झालंय का?"

"नाही."

"मग कर की. हा गार होईपर्यंत मी बसलेय."

भिंगरीने कागद ओढून घेतला. चौथा केला. पाचवा केला. तेवढ्यावर थांबली असती तर ती भिंगरी कसली? तिने पहिल्यापासून सगळे उलट गुणून पाहायला घेतले. चहा गार झाला. बाईंनी तो गारच प्यायला. मी शिट्ट्या मारून दमलो, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, गॅस कुणी बंद केला नाही.

"बाई, दुसरा चुकलाय," भिंगरी म्हणाली. "सहाशे अठरा भागिले सहा. मी तेरा लिहिलेत. मधलं शून्य राहिलं, एकशे तीन पाहिजेत. तुम्ही बरोबर दिलंय."

बाईंनी कागद हातात घेतला. दोनदा पाहिला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी आपल्याच खुणेवर काट मारली, बाजूला सही केली आणि टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर न बांधता पिशवीत टाकलं. उरलेली तीन घरं त्या दिवशी बहुतेक उशिराच झाली.

निकाल पंधरा दिवसांनी आला. घड्याळ: येत नाही, तीन महिन्यांत शिकवावे. वेळापत्रक: नाही. वेळेत सोडवलेले बरोबर भागाकार: पाचपैकी दोन. एवढं वाचून आई खुर्चीत बसली. खालच्या ओळी बाबांनी वाचल्या. 'घरी शिकवण्याची मुदत एक वर्ष वाढवली आहे. मुलीला वेळ दिल्यास ती तपासणाऱ्याच्याही चुका काढते.'

आता माझी अवस्था. त्या दिवशी बटाट्यांचा कोळसा झाला आणि माझं बूड कायमचं काळं पडलं. मूठ तारेने बांधलेली आहे, रबर सैल झालंय, एका शिट्टीला दोनदा दम लागतो. नवा कुकर आणायची भाषा घरात चालली आहे. आणा. मी कुणाला अडवत नाही. फक्त एक मागणं आहे. नव्याला पहिल्याच दिवशी सांगा की बटण त्याच्या हातात नाही. मला ते उशिरा कळलं, आणि तोवर मी उगाच मिरवून घेतलं.

पाहणीच्या दिवशी दुपारी आई आणि भिंगरी माझं बूड घासत बसल्या होत्या.

"तुला कधीपासून माहीत होतं, मी गॅस बारीक करते ते?" आईने विचारलं.

"पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

भिंगरीने उत्तराला वेळ घेतला. आई थांबली.

"बोलले असते तर तू लाजून बंद केलं असतंस," ती म्हणाली. "आणि मला तो वेळ हवा होता."

आईने हात धुतले नाहीत. तशाच काळ्या हातांनी तिने पोरीला जवळ घेतलं, आणि दोघींचे कपडे खराब झाले.