टोपडं घातलेला वरवंटा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. काळ्या दगडाचा, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांना भरल्या एस.टी.त लोकांनी उठून खिडकीची जागा दिली आहे? मला दिली आहे!

भोकरदनच्या बाजारात एका पाथरवटाने मला घडवले आणि धावड्याच्या झुंबरबाईंनी पाट्यासकट घरी आणले. मिरच्या, खोबरे, लसूण, जवस, जे पुढ्यात येईल ते मी मुकाट्याने वाटले. झुंबरबाईंच्या येसराची, म्हणजे आमटीच्या मसाल्याची, चव न्यारी, असे शेजारणी म्हणत. कौतुक बाईंचे, ठसका माझ्या वाट्याचा. चालायचेच.

१९८४ साली बाईंच्या एकुलत्या एक लेकीला, उषाला, मुलगी झाली. बारसे वाटूरला, तिच्या सासरी होते. पाळणा माहेरचा यायचा असतो. उषाच्या सासूने, तुळजाबाईने, निरोप धाडला की ऊन उतरायच्या आत पाळणा आला तर बरे, नाहीतर लुगड्याची झोळी बांधू. झुंबरबाईंचे मालक वारलेले. त्या एकट्या कधी भोकरदनच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण चारचौघांत नात झोळीत निजली, तर माहेरचे कोणी नाही हे उषाला जन्मभर ऐकावे लागले असते. बाईंनी पदर खोचला.

कडूबा सुताराने पाळणा करून दिला. रिकामा पाळणा वाटेने नेऊ नये अशी आमच्याकडची रीत. शिवाय बारशात बाळाच्या आधी वरवंट्याचा मान असतो. म्हणून बाईंनी मला धुऊन पुसून टोपडे घातले, दुपट्यात गुंडाळले आणि पाळण्यात निजवले. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगाला मिरचीचा वास नव्हता.

जालन्यापर्यंत पाळण्याला कोणी ना कोणी हात लावला, पण तिथल्या स्टँडवर वाटूरच्या गाडीच्या कंडक्टरने फर्मावले, पाळणा टपावर टाका. टपावर मी उसळलो असतो तर पाळण्याच्याच फळ्या फुटल्या असत्या. तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढे झाली. ती शरयूताई. जालन्यात कचेरीत नोकरी करणारी, रजेवर मंठ्याला माहेरी निघालेली. तिने नुसते टोपडे पाहिले आणि ती कडाडली, "अहो, तान्हं लेकरू टपावर ठेवता?"

कंडक्टर वरमला. सगळी रांग त्याच्यावर तुटून पडली. एका पागोटेवाल्या बाबांनी खिडकीची जागा सोडली, कोणी विडी विझवली, आणि ड्रायव्हरने तर कमालच केली. बाळ जागे होऊ नये म्हणून त्याने गाडी इतकी हळू हाकली, की बैलगाडीसुद्धा पुढे गेली असती. उन्हाकडे बघून झुंबरबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला.

शरयूताई बाळ बघायला वाकली. दुपटे बाजूला केले. आणि पाहते तो काय, मी!

झुंबरबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या हळूच म्हणाल्या, "माय, सांगणारच होते. पण तुमी माझ्यासाठीच भांडून राह्यल्या होत्या, तोंडच उघडंना. आता मला उतरवतील, मंग पोरीची झोळी चुकत न्हाई." मग त्यांनी बारशाची सगळी हकीकत सांगितली.

शरयूताईने माझ्याकडे पाहिले. माझे टोपडे नीट केले आणि मागे वळून ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "गाढ झोपलंय. झोपू द्या त्याला."

मग दोघी तोंडात पदर कोंबून अशा हसल्या की बाकडे हलायला लागले. हसून झाल्यावर शरयूताई ड्रायव्हरकडे गेली. बाळाचेच बारसे आहे, जल्दी घ्या, खड्ड्यांनी त्याला काही होत नाही, असे तिने सांगितले. ते अगदी खरे होते. गाडी जी सुटली!

वाटूरच्या फाट्यावर कोणी न्यायला आले नव्हते. आधीची गाडी रिकामी गेलेली पाहून मंडळी परतली होती. माझ्यासकट पाळणा एकीला उचलण्यासारखा नव्हता. शरयूताईचे तिकीट मंठ्याचे, पण ती पिशवी घेऊन खाली उतरली. एका बाजूने ती, एका बाजूने झुंबरबाई, मधे मी. अशी आमची वरात निघाली.

अंगणात झोळी बांधून झाली होती. उषा बाळाला घेऊन खाली मान घालून उभी होती. तिने वर पाहिले आणि ती म्हणाली, "आई आली." तुळजाबाईने स्वतःच्या हाताने झोळी सोडली. रीतीप्रमाणे आधी मला पाळण्याच्या खालून-वरून फिरवले, मग बाळ निजले. नाव ठेवायला आत्या लागते, आणि उषाच्या नवऱ्याला बहीण नव्हती. तुळजाबाई शरयूताईला म्हणाली, "पाळणा वेळेवर आणला तुमी. आत्या तुमीच."

शरयूताईने बाळाच्या कानात नाव सांगितले. मी उशाशीच होतो. सुहासिनी हे नाव गावाआधी मी ऐकले!

परतीला तोच कंडक्टर भेटला. बाळ कुठे आहे, असे त्याने विचारले. झुंबरबाई म्हणाल्या, "पोचवलं." मी त्यांच्या पिशवीत होतो.

पुढे घरात मिक्सर आला. मी परसात पडलो, दाराला अडसर म्हणून. अंगावर शेवाळ चढले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण दर दिवाळीला शरयूताई येई आणि धावड्याच्या घरात तो प्रवास पुन्हा सांगितला जाई. मी दाराआडून ऐकत असे.

२००६ साली सुहासिनीला जाफराबादला, तिच्या सासरी, मुलगा झाला. शरयूताई केस पिकलेली, धापा टाकत धावड्याला आली आणि आधी परसात शिरली. तिने मला घासले, पुसले, नवे टोपडे घातले. मिक्सरला काय पाळण्यात निजवणार? दोघी म्हाताऱ्या मला घेऊन बारशाला निघाल्या आणि जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, गाठोडे मागे टाका.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका, त्यांना अधूनमधून धुऊन पुसून हातात घ्या. आणि प्रवासात शेजारच्या माणसाची विचारपूस करा. या वेळी झुंबरबाईंचे तोंड चटकन उघडले. त्या ऐटीत म्हणाल्या, "तान्हं हाय ते. पुढची जागा द्या."

आणि मिळाली, मित्रांनो. खिडकीचीच!