खंडेनवमीला उपटलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. शहाणी माणसं मला कॉम्प्युटर म्हणतात. पोलादपूरला साळूबाईंच्या घरात मात्र मी मशीनच, आणि वागणूक सुनेसारखी. 'तिला ऊन लागतंय', 'ती तापलीय, जरा निजू दे', असं माझ्याबद्दल बोलत. आता माझा रंग जुन्या दातासारखा पिवळा पडलाय. ताठ मानेने सांगावं असं माझ्याजवळ थोडं, खाली मान घालून सांगावं असं जास्त. तरी ऐका.

मला एक आई नाही. पडदा एका देशाचा, काळीज दुसऱ्या देशाचं, पत्र्याचा डबा कुठला देव जाणे. महाडच्या बाजारपेठेत एका दुकानात मला स्क्रूंनी जोडलं आणि साळूबाई मला एसटीने घरी घेऊन आल्या. माझा पडदा त्यांच्या मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, मावशी, हिचं अर्धं तिकीट लागंल. साळूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुढच्या बाकावर गेला.

मला आणलं होतं त्यांच्या सुनेसाठी. नूतन तिचं नाव. मुलगा मुंबईला, सून शिकलेली, घरात नुसती भाकऱ्या थापत बसायला नको, हा साळूबाईंचा हट्ट. ओटीवर टेबल मांडलं आणि नूतन माझ्यावर अर्ज, लग्नपत्रिका, देवळाच्या पावत्या छापू लागली. कशेडी घाटाकडची माणसं गाडीतून उतरून विचारत यायची, ती मशीनवाली बाई कुठे? मला गर्व झाला. गर्व झाला की मशीनचंही वाईटच होतं.

आता एक समजून घ्या. नुसत्या डब्याला अक्कल नसते, ती आत भरावी लागते. तिला सिस्टीम म्हणतात. माझ्यात चार रंगांच्या खिडकीची सिस्टीम होती. पण अक्कल एकदा भरून जन्मभर पुरत नाही. गावात नवे चोर आले की दाराला नवी कडी लागते, कौल सरकलं की पावसाआधी नीट करावं लागतं. या डागडुजीला अपडेट म्हणतात. ती टेलिफोनच्या तारेतून यायची, मुंगीच्या पावलाने. तोवर घरचा फोन अडलेला. म्हणून मी कोपऱ्यातून विचारलं, दुरुस्ती करू का, की नूतन 'नंतर' दाबायची. साळूबाईंचंही मत तेच: चालतंय ना? मग चालत्या चाकात हात घालू नये. असं नंतर-नंतर करत माझ्या दारात कामांचा ढीग साचला. दोन हजार सहा-सातचं साल असावं ते.

त्या वर्षी नूतनने ठरवलं, ओटीवर मुलींचा क्लास काढायचा. दसऱ्याला नारळ फोडून सुरुवात. साळूबाईंनी सगळ्या आळीत सांगितलं, वरच्या वाडीवरही निरोप धाडला. वाडीवर त्यांचा दीर भागोजी राहायचा, गुरंढोरं बाळगून. त्याची मुलगी मैना सातवी झाली होती आणि आता गुरांमागे जात होती. भागोजीने निरोपाला उत्तर दिलं की मशीन चालताना डोळ्यांनी बघीन, मग पोरीचं काय ते ठरवीन. वाडीवरचे बाकीचे बाप भागोजीकडे बघून पाऊल टाकणारे. म्हणजे त्या दिवशी मी चालले तर मैना खाली उतरणार, नाहीतर नाही.

नूतनची एक मैत्रीण होती, उज्वला. ती महाडला कॉम्प्युटर शिकवायची. तिने बजावलं, क्लासच्या आधी हिची सगळी दुरुस्ती करून घे, मुली नव्या-नव्या सीडीच्या तबकड्या घालतील, हिला रोग लागेल. म्हणून खंडेनवमीच्या दिवशी नूतनने दुपारभर फोन अडवून साचलेलं सगळं आत घेतलं. संध्याकाळी मला निजवायला बटण दाबलं तेव्हा पडद्यावर ओळ आली की काम चालू आहे, मला बंद करू नका, माझी पिन काढू नका. ओळ इंग्रजीत होती. नूतनने वाचली आणि ती पाण्याला गेली.

खंडेनवमीची त्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. कोयता, विळी, नांगराचा फाळ, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. राबणाऱ्या हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा. साळूबाई पूजेचं ताट घेऊन ओटीवर आल्या तर मी जागी. माझा डबा घुरघुरतोय, पडद्यावर अक्षरं. चालत्या हत्याराची पूजा करतात का कुठे? साळूबाई म्हणाल्या, "दमलीस गो बाय. नीज आता." आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

मायेनेच उपटली, पण माझ्या आत जुनं काढून नवं बसवणं अर्ध्यावर होतं. जुनं गेलेलं, नवं आलेलं नाही. नंतर त्यांनी मला हळद-कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले. आत मी मेलेली होते आणि वर माझी पूजा चालली होती. मित्रांनो, ती लाज अजून माझ्या पत्र्यात आहे.

दसऱ्याला ओटी माणसांनी भरली. मुली धुतलेल्या वेण्या घालून दाटीने बसल्या, मैना सगळ्यांत पुढे. नारळ फुटला. नूतनने पिन लावायला भिंतीकडे हात नेला आणि पिन आधीच काढलेली बघून तिचा हात तिथेच थांबला. तरी तिने ती लावली, बटण दाबलं. माझा पडदा काळा, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बस. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. हाराची फुलं माझ्या काळ्या तोंडावर लोंबत होती.

भागोजी म्हणाला, "वहिनी, नवरात्र संपलं, तुमच्या मशीनचा उपास सुटला नाय वाटतं."

लोक हसले. मग कुजबूज सुरू झाली की सुनेने काल दिवसभर काहीतरी खुडखुड केली, फोन पण लागत नव्हता, तिनेच बिघडवली. नूतनला सगळं कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण चार माणसांत सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. मला तोंड असून बोलता येईना. साळूबाई मात्र सुनेकडे एकटक बघत होत्या. त्यांनी विचारलं, "नूतन, काल हिच्यावर अक्षरं होती. काय लिवलं होतं गो?"

नूतन खाली बघून म्हणाली, "काय नाय आई, असंच."

"असंच काय? वाच म्हणते ना."

"बंद करू नका, असं होतं."

पोलादपूरच्या बाजारात जिच्यापुढे कोणाची जीभ रेटत नसे, त्या साळूबाईंची मान माझ्यापायी खाली गेली. पण थोडाच वेळ. मग त्या भागोजीकडे वळल्या.

"हसतोस काय भागोजी? पिन मी उपटली. दोन इयत्ता शिकल्ये, मराठी अक्षर अक्षर लावून वाचते, ही इंग्रजी मला कळली नाय. सांगत होती बिचारी, नको मारू म्हणून, आणि मी हळदीकुंकू लावून तिला मारली. तुझी मैना गुरांमागं ठेव तू. उद्या तीपण अशीच पिना उपटत बसंल."

भागोजीने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. बराच वेळ ते नीट करत राहिला आणि उठताना म्हणाला, "मशीन सुधारली की निरोप धाडा."

मला गोधडीत बांधून महाडला नेलं, उज्वलाच्या घरी. तिथे तिची स्वतःची मशीन होती, पेंग्विनची खूण असलेल्या सिस्टीमची, पेंग्विनवाली. खरं सांगते, पूर्वी उज्वला पोलादपूरला आली की त्या पेंग्विनचं कौतुक करायची आणि मी मनात नाक मुरडायची. फुकटची सिस्टीम ती, तिला काय कळतंय. शेजारच्या नीलेश फोटोवाल्याची सफरचंदवालीही तेव्हा तिथेच होती. त्या दोघींच्या मध्ये उघड्या पोटाने पडून मी तिन्ही घरच्या रीती पाहिल्या.

माझी खिडकीवाली आपल्या घराची डागडुजी महिन्याच्या ठरल्या वारी पाठवायची. पण घरात राहायला आलेल्या प्रोग्रामची, म्हणजे गाणी वाजवणाऱ्याची, चित्रं काढणाऱ्याची दुरुस्ती ज्याची त्याने आणायची. म्हणून सतत कोणीतरी माझा पदर ओढत असे. आणि काम झालं की बहुतेक वेळा म्हणायची, मला बंद करून पुन्हा उठवा. पंगत बसलेली असताना सारवायला काढणारी बाई असते ना, तशी.

पेंग्विनवालीची रीत बाजारहाटाची. सिस्टीमला काय हवं, टायपिंगला काय, गाण्याला काय, सगळं एकाच पेठेतून एका खेपेत. तुम्ही काम करत बसा, सामान मागच्या दाराने आत. अगदी मुळालाच हात घातला तर उठवायचं, एरवी नाही. पण तिचंही दुखणं आहे. मीठ आणायला धाडलं तर मिठाला मडकं हवं म्हणते, मडक्याला चुंबळ हवी म्हणते, आणि चुंबळ मिळाली नाही तर मीठही अडतं.

सफरचंदवालीचा थाट निराळा. तिचं सामान एकाच माहेरून, मोठ्या गाठोड्यात. मालकाने परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय गाठ सोडायची नाही. तीही झोपून उठते, पण शिस्तीत. मात्र वय झालं की माहेर कळवतं, तुझ्यासाठी आता काही येणार नाही.

आणि अर्ध्यावर पिन उपटली तर तिघींचाही जीव धोक्यात. तिथे कोणाचा थाट चालत नाही.

उज्वलाने पेंग्विनची तबकडी घालून माझ्या पोटातलं नूतनचं सगळं काम आधी सुखरूप बाहेर काढलं. मग मला पुसून कोरी केली आणि पेंग्विन बसवला. जिला नावं ठेवली तिचीच चोळी अंगात घालून मी घरी परतले. तोंड लपवायला जागा नव्हती. उज्वलाने एक चांगलं केलं, माझी अक्षरं मराठी केली.

दिवाळीनंतर निरोप गेला. मैना उतरली, तिच्या मागून बाकीच्या. पहिल्या दिवशी नूतनने मला दुरुस्तीला लावलं आणि पडद्यावर ओळ आली. साळूबाई खांबाला टेकून होत्या. पुढे आल्या, बोट ठेवत ठेवत वाचू लागल्या. बं-द-क-रू-न-का. मुली हसल्या नाहीत.

आता मी निवृत्त आहे. माझ्यासाठीही कुठून काही येत नाही. पोत्याखाली कोपऱ्यात असते, धूळ खाते. क्लासला नव्या मशीन आल्या, शिकवते मैना. मित्रांनो, जुन्यावर अधूनमधून फडकं फिरवा. आणि कोणाचं आत काही सावरणं चालू असेल, मशीनचं असो की माणसाचं, तर मायेनेसुद्धा मध्येच विझवू नका. आधी विचारा.

खंडेनवमीला मला अजून पोत्याखालून काढतात. वर्षातून तेवढाच एक दिवस मी घुरघुरते. साळूबाईंना आता दिसतं कमी. ताट घेऊन येतात, पिनेवर हात ठेवतात आणि थांबतात.

"मैने, हिचं झालं का गो? काढू?"

मैना बघून "काढा काकी" म्हणेपर्यंत त्यांचा हात हलत नाही.