रक्ताच्या डब्यावर जळणारं बाकडं

मी बाकडं. बाभळीचं. इंदापुरात मनाच्या आजाराचा एक दवाखाना हाय, त्याच्या व्हरांड्यात वीस वर्षं उभा हाय. कळसच्या गेणू सुतारानं मला घडवलं. रंधा मारताना म्हणाला, "चार माणसं बसली तरी कुरकुरू नगंस." आजवर कुरकुरलो न्हाय. आता कुरकुरणार.

कारण तो डबा. पांढरा, बर्फाचा. दोन वर्षांमागं आला आणि साहेब झाला.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणून एक आजार असतो. मला नाव नीट येत न्हाय, पण त्याची माणसं वळखतो. माया करतील तर उतू जाईल इतकी, चिडतील तर तशीच, आणि कुणी सोडून जाईल या धास्तीनं आतून पोळत राहतील. त्यातलं कोण जीव द्यायला निघंल, याची रक्तात काय खूण सापडती का, याचा अभ्यास माधवी डॉक्टरीणबाई करतात. सकाळी रक्त काढायचं, नळ्या डब्यात, डबा पुण्याला.

त्याला उन्हात ठेवत न्हाईत. दोघं मिळून उचलतात, "हळू, हळू" म्हणत. माझ्याखाली लोक च्युइंगम चिकटवतात. वीस वर्षं मी रडणं ऐकलं, मला कुणी इचारलं? जळतो मी. सरळ सांगतो.

परवाच्या मंगळवारी शेळगावचे सिकंदर डाळिंबवाले आले. संगं लेक मेहजबीन आणि शेजारीण शकुबाई. पोरगी तेवीस वर्षांची. महिन्यामागं तिनं अभ्यासाला रक्त दिलेलं. एरवी ती बसली की माझ्या फळ्या हादरायच्या. हसायची, भांडायची, डोळं पुसायची. परवा गप. नखं तेवढी माझ्या कडेत रुतवलेली.

सिकंदरच्या हातात एका लॅबचा कागद. साधी तपासणी, थायरॉइडची आणि हिमोग्लोबिनची.

"शकुआक्का, रक्तात काय बी न्हाय. सगळं नॉर्मल. किल्ली द्या आता."

किल्ली म्हंजे फवारणीच्या औषधांच्या खोलीची. घरात ठिऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणून ती शकुबाईकडं.

"कशाला घाई?"

"उद्या फवारणी हाय. दर बारीला तुमच्या दारात किल्ली मागायची, गावाला काय सांगू?"

"सांगा, शकुबाईचा चहा आवडतो. फवारणीला मी येती, खोली उघडती, लावून जाती."

"कागद तरी बघा!"

"कागद तुमच्यापाशी ठेवा, सिकंदरभाई. किल्ली माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, फसला डबा! रक्त-रक्त करून बापाला आंधळा केला. पण नखं आणखी रुतली, आणि माझा आनंद तिथंच मेला.

शकुबाई सरकली. पोरीच्या खांद्याला खांदा लागला.

"मेहजबीन, माझ्याकडं बघ. जीव द्यायचं मनात येतंय का?"

सिकंदर ओरडले, "अवं, असं तोंडावर इचारतात व्हय? नसलं तरी डोक्यात शिरंल!"

"व्हय मावशी," पोरगी म्हणाली. "चार दिवस झालं. अब्बा कागद बघून इतकं खूश झालं, मग सांगू कसं?"

सिकंदर मटकन बसले, तिच्या दुसऱ्या अंगाला. कागद कुठं पडला त्यांना कळलं न्हाय.

शकुबाईनं हाक मारली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पोरीसमोर उकिडव्या बसल्या. "सांगितलंस ते लई बरं केलंस. आणि सिकंदरभाई, इचारल्यानं डोक्यात शिरत न्हाय, उलट बोलायला वाट मिळती. हा कागद वेगळा, आमचा अभ्यास वेगळा. शेकडो लोकांचं रक्त बघून पुढं कधी काय उमगंल. आज एकट्या मेहजबीनचा धोका सांगंल असा आकडा कुठल्याच रक्तात न्हाय. तिलाच इचारायचं, परत परत."

त्याच दिवशी तिला भरती करून घेतलं. किल्ली शकुबाईच्या कमरेला. काल मेहजबीन माझ्यावर बसून बापाशी कडाकडा भांडली, चहात साखर कमी म्हणून. कानाला गोड लागलं.

आता ऐकतोय, मला काढून स्टीलच्या सुट्या खुर्च्या आणणार. मधी हात असलेल्या. काढा. पाय डुगडुगतो, कबूल. डब्यावरचा राग काय जायचा न्हाय, तोबी कबूल. पण बाबांनो, त्या हातांपायी शकुबाईला सरकता यायचं न्हाय. काय बी आणा, खेटून बसता येईल असं आणा.